'क्रॉनिक' म्हणजे गंभीर नव्हे!

नमस्कार मंडळी! "रिपोर्टवर क्रॉनिक लिहिलंय, आता कसं होणार?" हा प्रश्न हल्ली प्रत्येक व्हिडिओखाली येतो. म्हणून आज एवढंच. ग्रीक 'क्रोनोस' म्हणजे काळ, त्यावरून क्रॉनिक, म्हणजे जुनाट. हे ठाऊक असेलच, पुढे जाऊ.

घोळ होतो तो इथे. क्रॉनिक हा शब्द दुखणं किती दिवसांचं ते सांगतो, किती मोठं ते नाही. माझ्या मावशीच्या रिपोर्टवर 'क्रॉनिक गॅस्ट्रायटिस' आलं, तर घरात रडारड! अहो, जठराची जुनी सूज ती. मावशी वर्षानुवर्षं "पित्त झालंय" म्हणायची, तेच हे.

आता उलट बाजूने बघा. क्रॉनिकच्या उलट ॲक्यूट, म्हणजे अचानक सुरू झालेलं. साधी सर्दी ॲक्यूट आणि हार्ट अटॅकही ॲक्यूट! दोन्ही अचानक येतात, एवढंच साम्य. त्यात ॲक्यूटला आपण मराठीत 'तीव्र' करून ठेवलंय. वाचणारा घाबरणार नाही तर काय?

अजून पटत नाही? डॉक्टर कधीकधी 'ॲक्यूट ऑन क्रॉनिक' लिहितात. म्हणजे जुनं दुखणं अचानक उसळलं. मूत्रपिंडाचा आजार 3 महिन्यांहून जास्त राहिला की क्रॉनिक ठरतो. तो 5 पायऱ्यांपैकी कितव्या पायरीवर आहे, हे वेगळं बघतात. काळ वेगळा, गांभीर्य वेगळं! मात्र "गंभीर नाही ना, मग गोळ्या बंद" असं करू नका हं. जुनाट आजाराच्या गोळ्या बऱ्याचदा कायमच्या असतात.

कोशात क्रॉनिकला 'चिरकारी' म्हणतात, म्हणजे वेळ लावणारा. महाभारताच्या शांतिपर्वात गौतम ऋषींचा चिरकारी नावाचा मुलगा आहे. वडिलांनी आईला मारायला सांगितलं, हा विचारच करत बसला, आणि आई वाचली! शब्द झकास, पण दवाखान्यात कोणाच्या तोंडी नाही.

आणि ते "माझे बाबा क्रॉनिक आहेत" लिहिणारे! जुनाट आजार असतो हो, बाबा नव्हेत. माणूस दुखणाईत, तोही सतत आजारी असेल तरच. मधुमेह असून रोज पोहायला जाणारा कसला दुखणाईत? आणि आज ठणठणीत, उद्या आडवा, अशाची प्रकृती तोळामासा.

'क्रॉनिक खोटारडा' चालेल का, असं एकाने विचारलंय. गप्पांत चालेल. तिथे अर्थ 'सवयीचा'.