एकाच नाकपुडीची सर्दी

नमस्कार श्रोतेहो.

"डॉक्टर, सर्दी फक्त उजव्याच बाजूला होऊन राहिली. अन् वास असा येते, की जेवण नको वाटते." नागपूरच्या महाल भागातल्या एक काकू हे सांगत होत्या. तीन महिने वाफारे झाले होते, अँटिबायोटिकचे दोन कोर्सही झाले होते. नाकात दुर्बीण घालण्याआधी मी त्यांना तोंड उघडायला सांगितलं. वरच्या उजव्या दाढेचं रूट कॅनाल अर्ध्यावर सोडलेलं होतं. "पण ते तर आता दुखतच नाही!" दुखणार कशी? आतली नस कधीच मेली होती. पू मात्र मुळाशी साचत होता.

गालाच्या हाडात एक पोकळी असते, तिलाच आपण सायनस म्हणतो. वरच्या दाढांची मुळं तिच्या तळाला भिडलेली असतात. मध्ये हाडाचा पातळ पापुद्रा, काहींच्या तोंडात तोही नसतो. 1651 साली नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने एका बाईची हकिगत लिहून ठेवली आहे. सुळा काढल्यावर पडलेल्या भोकात तिने पीस घातलं, तर ते आत जातच राहिलं. मेंदूला टेकलं, असं वाटून बिचारी हबकली! दाढ काढल्यावर चूळ भरताना नाकातून पाणी आलं, तर तेही असंच भोक पडल्याची खूण. दुसऱ्याच दिवशी दाताच्या डॉक्टरांना गाठा.

आता क्वचित घडणाऱ्या, पण जिवावर बेतणाऱ्या गोष्टी. सायनसचं छप्पर म्हणजेच डोळ्याच्या खोबणीचा तळ. पू तिथे शिरला की पापणी सुजते, डोळा पुढे येतो, फिरवताना दुखतो, एकाचे दोन दिसतात. डोळ्याच्या नसेवर दाब आला तर नजर काही तासांत जाऊ शकते. चेहऱ्याच्या शिरांतून जंतू मेंदूच्या तळाशी पोचले तर तिथे रक्ताची गुठळी होते. कधी मेंदूत गळू, कधी मेंदूज्वर. सोबत मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो. सर्दीबरोबर तापाने फणफणून मान आखडली, डोकं असह्य ठणकलं किंवा डोळा सुजला, तर सकाळची ओपीडी बघू नका. रात्रीच मेडिकल नाहीतर मेयो, यांपैकी एक सरकारी रुग्णालय गाठा.

2021 मध्ये काळ्या बुरशीने नागपुरात काय केलं, ते आपण पाहिलंय. ती दाढेतून नव्हती आली, नाकातून खाली उतरली होती. कित्येकांना पहिली चाहूल लागली ती वरचे दात हलायला लागल्यावर. भिंत तीच, वाट उलटी.

काकूंच्या सीटी स्कॅनमध्ये एकच सायनस भरलेला दिसला, अगदी त्याच दाढेवरचा. नुसता सायनस धुऊन भागलं नसतं. दाढ वाचण्यासारखी नव्हती, म्हणून आमच्या दंतवैद्य मैत्रिणीने ती काढली. गॉजच्या तुकड्यावर ठेवलेली ती दाढ काकूंनी नाकाशी नेली आणि झटकन हात लांब केला.

"हाच! हाच तो वास!"