वहीतली पाच नावं

तर मंडळी, विषय आहे कारखान्याजवळचे आजार आणि त्याचं गणित, पण आधी वहीची गोष्ट सांगतो.

आमच्या शेजारचं गाव, वरच्या अंगाला मळीवर चालणारी डिस्टिलरी, उन्हाळ्यात नाल्याला चहाच्या चोथ्यासारखं पाणी. पारावर बसलो होतो तर एका काकूंनी पोराची शाळेची वही काढली, मागच्या पानावर पाच नावं, सगळी कॅन्सरची. "दादा, नाल्याकडच्याच गल्लीतले हायेत सगळे." मी नावापुढं वय, कोणता कॅन्सर आणि इथं किती वर्षं राहिला हे लिहायला घेतलं, अन् तिथंच अडकलो. एक जण वीस वर्षं पुण्यात, आजारी पडल्यावर गावी आलेला. एक मावशी ऊसतोडीला, दिवाळीला निघायची ती उन्हाळ्यात परत, मग तिनं पाणी कुठलं पिलं धरायचं? (बीडची मंडळी मान हलवायलेत, तुम्हाला सांगायला नको.) आणि त्याच गल्लीत वाढलेली एक ताई, लग्न होऊन लातूरला गेली, तिकडंच वारली, ती वहीत नव्हतीच. मृत्यूची नोंद बघायला गेलो तर कारण 'वृद्धापकाळ', वय ४७. ते पान मी दोनदा वाचलं.

डॉक्टर जॉन स्नोनं १८५४ ला लंडनमधे कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले, ते एका सार्वजनिक पाण्याच्या पंपाभोवती जास्त निघाले, हे सगळ्यांना माहितीय, पण त्यानं पंपाशेजारच्या बिअर कारखान्यातले मजूर कसे वाचले हेपण विचारलं! ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. कोण कुठलं पाणी पितो, मुद्दा हाच.

आयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बरं, पळवतो.

वयाच्या हिशोबानं गावात दोन पेशंट अपेक्षित आहेत असं धरा. नुसत्या योगायोगानं पाच किंवा जास्त निघायची शक्यता साधारण ५ टक्के, म्हणजे अशी १०० गावं घेतली तर पाचेक गावांत नाला नसतानाही वही भरणार. आता उलटं बघा, नाल्यानं धोका खरंच दुप्पट केला तरी पाच किंवा जास्त पेशंट दिसायची शक्यता ३७ टक्केच. म्हणून 'सिद्ध झालं नाही' म्हणजे पाणी चांगलं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका! उपाय म्हणजे अशा नाल्यांकाठची सगळी गावं एकत्र धरायची, आणि किती किलोमीटरपर्यंत मोजायचं ते आधी ठरवायचं, पेशंट बघून रेघ ओढली तर आकडा कसाही फिरवता येतो. कॅन्सर दिसायला कैक वर्षं लागतात, म्हणून आजचा पत्ता पुरत नाही. बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून चालूय, त्यात आपल्या धाराशिवचे भूम, परंडा पण येतात, म्हणजे खेड्यात हे जमतं.

टेबलावर नमुन्याचे कागद ठेवलेत, जाताना न्या. 'मागची पंधरा वर्षं कुठं राहिला, पाणी कुठलं' हा रकाना मुद्दाम मोठा ठेवलाय, आणि लग्न होऊन गेलेल्या लेकींसाठी खाली वेगळ्या ओळी आहेत.