ओशन: मुंबईच्या तांड्यापासून डार्डानेल्सपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

१६ ऑक्टोबर १९१४. मुंबई बंदरातून जहाजांचा एक भला मोठा तांडा निघाला. पहिलं महायुद्ध सुरू होऊन अडीच महिने होत आले होते. काही जहाजांना फ्रान्सकडे जायचं होतं, काहींना पूर्व आफ्रिकेकडे आणि थोड्यांना इराणच्या आखाताकडे. आखाताच्या या गटात सहाव्या पुणे डिव्हिजनची १६ वी ब्रिगेड होती आणि त्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. कोकणातली, देशावरची माणसं. भर समुद्रात हा गट तांड्यातून वेगळा झाला, तेव्हा त्याच्या राखणीला एक जुनी ब्रिटिश बॅटलशिप होती. तिचं नाव ओशन. आज मी तुम्हाला तिच्याबद्दल सांगणार आहे.

सैनिकांच्या जहाजांना बॅटलशिपची सोबत का लागावी? कारण एम्डेन. ही जर्मन क्रूझर बंगालच्या उपसागरात शिरली होती. एकामागून एक व्यापारी जहाजं बुडवत तिने २२ सप्टेंबरच्या रात्री मद्रासवर गोळे टाकले होते. एम्डेनच्या तोफा होत्या साडेदहा सेंटिमीटरच्या. सैनिकांनी खच्चून भरलेल्या, तोफा नसलेल्या जहाजांचा संहार करायला तेवढ्या पुरेशा होत्या. मात्र ओशनसमोर एम्डेनचा निभाव लागला नसता.

ओशनची बांधणी १८९७ मध्ये डेव्हनपोर्टच्या गोदीत सुरू झाली आणि १९०० मध्ये ती नौदलात दाखल झाली. कॅनोपस वर्गातल्या सहा बहिणींपैकी ही एक. तिचं मुख्य बळ म्हणजे १२ इंची व्यासाच्या चार तोफा, दोन पुढच्या बुरुजात आणि दोन मागच्या. एकेका तोफेचं वजन ४६ टन, आणि तिचा एक गोळा ८५० पौंडांचा, म्हणजे सुमारे ३८५ किलोंचा. तांदळाची पन्नास किलोंची पोती आठवा. जवळजवळ आठ पोत्यांचं वजन एका पोलादी गोळ्यात. शिवाय दोन्ही कुशींना मिळून सहा इंची बारा तोफा. त्यांचा गोळा १०० पौंडांचा, पण तो झपाट्याने भरता येई. लहान तोफा वेगळ्या, पाण्याखालून टॉर्पेडो सोडण्याच्या चार नळ्याही वेगळ्या.

हे जहाज मुळात पूर्वेकडच्या समुद्रांसाठी आखलेलं. त्याला सुएझ कालव्यातून जाता यावं, म्हणून ते पाण्यात फार खोल बसणार नाही याची काळजी घेतली होती. वजन वाचवायला कुशीवरचं चिलखत सहा इंचांवर आणलं. आधीच्या मॅजेस्टिक वर्गाचं नऊ इंच होतं. मात्र हे नव्या क्रुप पद्धतीचं पोलाद होतं, त्यामुळे पातळ असूनही चिवट. या आखणीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. लांबच्या, उथळ, अरुंद पाण्यात जायचंय हे आधी ठरवून बांधलेलं हे जहाज होतं.

पण काळ फार वेगाने पुढे गेला. १९०६ मध्ये ड्रेडनॉट ही नवी ब्रिटिश बॅटलशिप आली. १२ इंची दहा तोफा, टर्बाइन इंजिनं आणि २१ नॉटचा, म्हणजे ताशी २१ सागरी मैलांचा, वेग. ओशनच्या चार तोफा आणि १८ नॉट एका दिवसात जुने झाले. सहा वर्षांची नौका म्हातारी ठरली! म्हणून १९१४ साली जर्मन आरमारासमोर उत्तर समुद्रात उभं राहायचं सोडून तिच्या वाट्याला राखणदारी आली.

२३ ऑक्टोबरला जहाजं बहारीनला पोहोचली. तुर्कस्तानाशी युद्ध जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी, ६ नोव्हेंबरला, शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी फाओला फौज उतरली. सर्वांत आधी उतरलेल्या तुकडीत ओशनवरचे मरीन सैनिकही होते. ओशन स्वतः मात्र आत जाऊ शकली नाही. नदीच्या तोंडाशी गाळ साचलेला, आणि सुएझसाठी आटोपशीर ठेवलेलं तिचं बूडसुद्धा या पाण्याला जडच होतं. आत गेल्या त्या ओडिनसारख्या छोट्या नौका. पलटणी पुढे बसऱ्याला गेल्या. ११७ वी मराठा पलटण तिथून वर वर सरकत कुट-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात सापडली आणि एप्रिल १९१६ मध्ये तिला तुर्कांच्या कैदेत जावं लागलं. ओशनची वाट त्याआधीच वेगळी झाली होती. ती सुएझला गेली, काही आठवडे कालव्याच्या बचावाला थांबली आणि फेब्रुवारी १९१५ च्या अखेरीस डार्डानेल्सला पोहोचली.

डार्डानेल्स म्हणजे इस्तंबूलकडे जाणारी चिंचोळी सामुद्रधुनी, दोन्ही काठांवर तुर्कांचे किल्ले. ब्रिटिश आणि फ्रेंच जहाजांना तिच्यात शिरायचं, तर हे किल्ले गप्प करायला हवे होते. समुद्रातून किल्ला घेणं किती कठीण, हे जंजिऱ्याच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्याला वेगळं सांगायला नको. जहाजाची तोफ सपाट रेषेत मारते. दुसऱ्या जहाजाची कूस फोडायला ती उत्तम. पण मातीच्या भरावाआडची तोफ मोडायची, तर गोळा थेट त्या तोफेवरच पडायला हवा. तो दहा हात अलीकडे-पलीकडे पडला, की माती उडते आणि धूर विरल्यावर तोफ पुन्हा बोलू लागते. त्यात तुर्कांच्या हॉवित्झर, म्हणजे उंच कमानीत गोळा टाकणाऱ्या तोफा, टेकड्यांमागे लपलेल्या, आणि त्यांच्या जागा बदलत राहायच्या.

यातून जो पेच तयार झाला तो नीट समजून घ्या. आतलं पाणी सुरुंगांच्या रांगांनी अडवलेलं होतं. सुरुंग निघेपर्यंत बॅटलशिपना आत जाता येईना. सुरुंग काढायला आणलेली मासेमारीची ट्रॉलर, तीही मच्छीमार खलाशांच्या हाती, रात्री प्रवाहाविरुद्ध रखडत जायची. काठावरून सर्चलाइट पडायचे आणि तोफा सुरू व्हायच्या. तोफा गप्प करायच्या, तर बॅटलशिपना जवळ जायला हवं. आणि जवळ जायचं, तर सुरुंग. या फेऱ्यातून अॅडमिरलांना वाट सापडली नाही.

आणि ८ मार्चच्या पहाटे नुसरत नावाच्या एका लहानशा तुर्की नौकेने एरेनकॉय उपसागरात आणखी २६ सुरुंग सोडले. बाकीच्या रांगा सामुद्रधुनी आडवी अडवत होत्या, ही रांग मात्र किनाऱ्याला समांतर. गोळे टाकून झाले की जहाजं वळायला याच पाण्यात येतात, हे तुर्कांनी पाहून ठेवलं होतं. ही रांग सुरुंग काढणाऱ्यांच्या हाती लागली नाही. या युद्धातली शत्रूची इतकी अचूक नजर मला क्वचितच कुठे दिसली.

१८ मार्चला दोस्तांचं आरमार ओळी धरून आत शिरलं. सकाळ बरी गेली. दुपारी दोनच्या सुमारास फ्रेंच बूव्हे वळता वळता सुरुंगावर गेली आणि जेमतेम दोन मिनिटांत पालथी होऊन सहाशेहून अधिक माणसांसह बुडाली. मग ब्रिटिश इन्फ्लेक्सिबलला सुरुंग लागला. मग इर्रेझिस्टिबलला. तिची इंजिनं बंद पडली आणि ती काठाकडे वाहत चालली. तिला दोर लावून ओढून काढण्याचा हुकूम ओशनला मिळाला.

पाणी उथळ, काठावरून गोळ्यांचा मारा अखंड. ओढण्याचा बेत जमेना. ओशन माघारी वळली आणि संध्याकाळी तिच्याच उजव्या कुशीखाली सुरुंग फुटला. त्याच सुमारास एका गोळ्याने तिचं सुकाणू निकामी केलं. ती एका अंगाला कलली आणि एकाच वर्तुळात फिरू लागली. १२ इंची चारही तोफा जागच्या जागी शाबूत होत्या. ज्याने घात केला तो पाण्याखाली होता आणि त्याच्यावर रोखायला एकही तोफ नव्हती. माऱ्यातूनच विनाशिका येऊन तिला भिडल्या आणि तिच्यावरची बहुतेक सगळी माणसं त्यांनी उतरवून घेतली. बूव्हेच्या मानाने हे फार मोठं भाग्य.

रात्री कमोडोर रॉजर कीझ जेड या विनाशिकेवरून पुन्हा सामुद्रधुनीत गेले. इर्रेझिस्टिबल ओढून आणता आली तर आणायची, नाहीतर शत्रूच्या हाती लागू नये म्हणून बुडवायची. ओशनचंही तेच. त्यांनी काठाकाठाने शोध घेतला. दोन्ही जहाजं कुठेच नव्हती. ओशन त्या रात्री मॉर्टो उपसागरात कधीतरी एकटीच बुडाली होती.