त्या बुधवारी तुम्ही कुठं होता?

श्रोतेहो, नमस्कार.

३१ ऑक्टोबर १९८४, वार बुधवार. आपल्या सातारा-सांगली भागातल्या साठी ओलांडलेल्या कुणाहीपुढं नुसतं "इंदिराबाई गेल्या त्या दिवशी..." एवढं म्हणा, पुढचं वाक्य तो माणूस स्वतःच पुरं करतो. गेली सहा-सात वर्षं मी हेच करतोय. एसटीत शेजारी बसलेल्याला विचारतो, दवाखान्याच्या बाकावर विचारतो, लग्नाच्या मांडवात विचारतो. आणि घरी आलो की वहीत उतरवून ठेवतो.

कऱ्हाडजवळच्या एका गावचे गुळवे आहेत, वय आता पंच्याऐंशीच्या घरात. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला झालं होतं. दिवाळी सरली की यांचं गुऱ्हाळ पेटायचं. त्या दिवशी काहिलीत पाक होत आला होता. पाक झाला की नाही हे बघायचं, तर थोडा पाण्यात सोडायचा आणि बोटांत घेऊन त्याची गोळी वळते का ते पाहायचं. ती गोळी बोटांत असतानाच एक पोरगा बांधावरून ओरडत आला, "इंदिराबाईला मारलं!" गुळवेबाबा मला म्हणाले, "समदी त्या पोराकडं बघाय लागली. काहिलीकडं कुणीच बघंना. चार माणसं लागत्यात काहील उतरवायला, एक बी जागचा हालंना." त्या आधणाचा गूळ करपला. व्यापारी घेईना, शेवटी जनावरांच्या आंबोणात गेला. हे सांगत होते तेव्हा त्यांचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर सारखी फिरत होती. चाळीस वर्षं झाली, गोळी अजून बोटांतच आहे.

तासगावकडच्या एक बाई त्या वेळी द्राक्षाच्या छाटणीला जायच्या. मालकाचा ट्रान्झिस्टर बागेच्या तारेला अडकवलेला असायचा. त्यांना बातमीचे शब्द आठवतच नाहीत. आठवतं ते एवढंच, की गाणी बंद झाली आणि नुसतं संथ, रडवेलं वाजायला लागलं. "कायतरी मोठं माणूस गेलंय," असं एकीनं म्हटलं आणि कात्र्या थांबल्या.

बऱ्याच जणांना हे असंच, तुकड्यातुकड्यानं कळलं, कारण बातमीच तशी आली. दिल्लीत सफदरजंग रस्त्यावरच्या निवासस्थानी सकाळी सव्वानऊच्या सुमारास त्यांच्याच दोन शीख सुरक्षारक्षकांनी गोळ्या झाडल्या. एम्स रुग्णालयात दुपारी २ वाजून २० मिनिटांनी त्यांना मृत घोषित केलं. पण राष्ट्रपती झैलसिंग येमेनच्या दौऱ्यावर, राजीव गांधी बंगालात प्रचाराला, आणि आकाशवाणीवरून अधिकृत घोषणा व्हायला संध्याकाळ झाली. बीबीसीनं त्याआधीच सांगून टाकलं होतं. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ही बातमी आपल्याकडं माणसांच्या पायांनी फिरत होती. एसटीचा ड्रायव्हर स्टँडवर सांगायचा, तिथून ती बाजारात, बाजारातून वाड्यावस्त्यांवर. "दवाखान्यात हायेत," असं एक म्हणे, "गेल्या," असं दुसरा. रेडिओ मात्र गप्प. त्या गप्प रेडिओभोवती माणसं बसून होती, हे मला निदान वीस जणांनी तरी सांगितलंय.

पाटण खोऱ्यातल्या लोकांना "तो दिवस" म्हटलं की आधी ११ डिसेंबर १९६७ आठवतो, कोयनेचा भूकंप. पहाटे चारनंतर घरं अंगावर आली. त्यांच्यापुढं १९८४ दुय्यमच. ज्याच्या घराची भिंत पडली त्याच्यासाठी देशाचा इतिहास त्या भिंतीपासूनच सुरू होतो, आणि त्यात मला काही चूक वाटत नाही.

आता एक गंमतीची नव्हे, विचार करण्याजोगी गोष्ट. कोरेगावच्या एक निवृत्त शिक्षिका, तेव्हा नववीत. त्यांना पक्कं आठवतं, की शाळेची घंटा अवेळी झाली, सगळ्यांना पटांगणात उभं केलं, मुख्याध्यापक बोलता बोलता थांबले आणि शाळा सोडली. मी घरी येऊन जुनं पंचांग काढलं. ३१ ऑक्टोबर म्हणजे दिवाळीची सुट्टी! बहुतेक शाळा बंदच असणार. मग हे पटांगण कुठलं? मला वाटतं, ते पुढच्या महिन्यातलं. २५ नोव्हेंबर १९८४ ला, रविवारी, दिल्लीत यशवंतराव चव्हाण गेले. इंदिराबाई गेल्या त्याला महिनाही झाला नव्हता. सोमवारी शाळा भरली असेल आणि सोडून दिली असेल. प्रीतिसंगमावर लोटलेली ती गर्दी, ते रडणं आणि त्याआधीचा तो बुधवार, हे सगळं पुष्कळांच्या मनात एकच होऊन बसलंय. आपल्या भागाला त्या एका महिन्यात दोनदा सुतक आलं.

बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या जरा दुखावल्या. म्हणाल्या, "मला डोळ्यांसमोर दिसतंय हो." दिसतच असणार. अमेरिकेत १९८६ साली चॅलेंजर यान आकाशात फुटलं, तेव्हा उल्रिक नायसर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं होतं, तुम्हांला बातमी कुठं आणि कशी कळली. दोन-अडीच वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा तेच विचारलं. पुष्कळांची उत्तरं पार बदललेली होती आणि तरीही सांगणाऱ्यांची खात्री दांडगी. काहींना स्वतःच्या हातचा कागद दाखवला तरी पटेना. म्हणून मी आता कुणाची तारीख दुरुस्त करत नाही. वहीत मात्र दोन्ही लिहून ठेवतो, त्यांचं सांगणं आणि माझं पंचांग.

पण श्रोतेहो, एवढी माणसं ऐकल्यावर मला एक कळलं. "तुम्ही कुठं होता?" हा प्रश्न सोपा आहे. त्याचं उत्तर प्रत्येकाकडं तयार असतं, अनेकदा सांगून घोटलेलं. त्याच्यामागून दुसरा प्रश्न विचारावा लागतो. मग पुढचे चार दिवस तुम्ही काय केलंत? इथं माणसं थांबतात. चहाचा कप उचलतात.

सांगलीतले एक गृहस्थ असेच थांबले. मग म्हणाले, "टायरच्या दुकानात एक सरदारजी होते ओळखीचे. रोज संध्याकाळी त्यांच्याकडं बसायचो मी. त्यानंतर पंधरा दिवस गेलोच नाही. भांडण नव्हतं काही. काय बोलावं तेच कळेना. मग त्यांनीच एक दिवस निरोप धाडला, चहाला या म्हणून." एवढं बोलून ते उठले आणि खिडकी लावून आले. खिडकीतून वारं येत नव्हतं.

दिल्लीत तेव्हा काय चाललं होतं हे आपल्याला हळूहळू कळलं. ३१ तारखेच्या संध्याकाळपासून तीन-चार दिवस शिखांची घरं, दुकानं जाळली, माणसांना रस्त्यात ओढून मारलं. सरकारनं नंतर मान्य केलेला एकट्या दिल्लीचा आकडा २,७३३ आहे. हा आकडा त्या बुधवारच्या आठवणीत धरायलाच हवा, नाहीतर ती आठवण अर्धी राहते असं माझं ठाम मत आहे.

हा दुसरा प्रश्न मी माझ्या आईला फार उशिरा विचारला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

उंब्रजच्या अलीकडं हायवेला आमचं गॅरेज होतं. मी बारा वर्षांचा. ३० तारखेच्या रात्री एक ट्रक आमच्या दारात येऊन थांबला, मागचा पाटा तुटलेला. लुधियानाहून सायकलचे सुटे भाग भरून बंगळूरला चालला होता. ड्रायव्हर सरदारजी, क्लीनर कोवळा पोरगा. बुधवारी दुपारी वडील नवा पाटा बसवत होते तेव्हा बातमी आली. संध्याकाळी मारेकऱ्यांची नावं कळली. वडिलांनी पाना खाली ठेवला, आत जाऊन मोठी ताडपत्री काढली आणि ट्रकच्या कपाळावर, केबिनच्या वर, जिथं गुरुमुखीत काहीतरी रंगवलेलं होतं, तिथं बांधून टाकली. सरदारजींना विचारलं नाही आणि त्यांनीही काही विचारलं नाही. ताडपत्रीचं एक टोक मी धरलं होतं असं मला स्पष्ट आठवतं. आई म्हणते, "तू न्हाईस, दादानं धरलं हुतं. तू भिऊन माजघरात बसला हुतास." दादाला विचारलं. आई म्हणते तेच खरं.

आमच्या गावात काही झालं नाही. कुणी चालून आलं नाही, कुणी वाकडं बोललं नाही. पण पाटा बसला तरी ट्रक पाच दिवस तिथंच होता. पुढचा रस्ता कसा असेल कुणास ठाऊक, म्हणून वडील त्यांना निघू देईनात. सरदारजींचं घर दिल्लीत, टिळकनगरला. टिळकनगर म्हणजे आपल्याकडचंच काहीतरी असणार असं मला वाटायचं. घराशेजारच्या दुकानात फोन होता. वडील त्यांना मोटरसायकलवर बसवून कऱ्हाडला न्यायचे, ट्रंक कॉल, म्हणजे एक्स्चेंजमधून जोडून घ्यायचा परगावचा फोन, लावायचे. साधा लागेना म्हणून सगळ्यांत तातडीचा लायटनिंग कॉल लावला, त्याचे पैसे कितीतरी पट. तासन्‌तास बसून उत्तर एकच, लाइन मिळत नाही. रात्री दोघं परत यायचे आणि गॅरेजच्या पायरीवर रेडिओ लावून बसायचे.

आई सांगत होती, "मी त्यांच्यासाठी भाकऱ्या थापायची आन् थापता थापता इंदिराबाईसाठी रडायची. त्यो बाबा पायरीवर. त्याला वाटायचं मी त्याच्यासाठी रडतीया. मग मला बी कळंना झालं मी कुणासाठी रडतीया." आमच्या घरात इंदिराबाईंचा फोटो देव्हाऱ्याशेजारी होता. तो तिथंच राहिला, आणि सरदारजी त्याच घरात जेवत होते.

५ तारखेला पहाटे ट्रक गेला. ताडपत्री वडिलांनी सोडू दिली नाही. निघताना सरदारजींनी खडूनं गॅरेजच्या भिंतीवर त्या दुकानाचा नंबर लिहिला, तुम्हीही लावून बघा म्हणून. वडील महिनाभर लावत होते. पुढं दर दिवाळीला गॅरेजला चुना लागायचा, तेवढी वीतभर जागा सोडून. ती जागा अशी काळपट का ठेवलीय, हे आम्ही पोरांनी कधी विचारलं नाही.

हायवे चौपदरी झाला तेव्हा गॅरेज पाडलं. पाडायच्या आदल्या दिवशी वडिलांनी तो नंबर हिशोबाच्या वहीत उतरवून घेतला. मागच्या वर्षी आईनं ती वही माझ्यापुढं ठेवली. पुसट झालेले सहा आकडे, तेव्हाचे दिल्लीचे नंबर सहा आकडीच असायचे. त्याखाली वडिलांच्या अक्षरात लिहिलंय, "टिळकनगर. लागत नाही."