गाण्याला गाव लागतं

(सांगलीत झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, आशाताईंचा जन्म १९३३ सालचा, या सांगलीतला. मास्टर दीनानाथांचं बिऱ्हाड इथेच होतं. शेजारी मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. अशा ठिकाणी उभं राहून ‘आजकालच्या हिंदी गाण्यांत काही राम नाही’ असं म्हटलं की टाळ्या हमखास पडतात. मी तसं म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. गेल्या काही वर्षांत हिंदीत उत्तम गाणी झाली आहेत. वाईटही भरपूर झाली. चांगली कुठली आणि ती चांगली का, एवढंच मला आज सांगायचं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: ज्या गाण्याला गाव आहे ते राहतं. कोण गातंय, कुठे उभं राहून गातंय, कुणाच्या बोलीत गातंय, हे ज्या गाण्यात ऐकू येतं, ते चित्रपट उतरला तरी आपल्याजवळ राहतं. बाकीची गाणी ओठांवर येतात आणि पुढच्या शुक्रवारी जातात.

याचा पुरावा आपल्या घरातच आहे. ‘सैराट’ २०१६चा, त्याचाच हिंदी अवतार ‘धडक’ २०१८चा. संगीतकार तेच, अजय-अतुल. ‘झिंगाट’ दोन्हीकडे आहे, चाल तीच, गायलंही त्यांनीच. मराठीत मात्र दाढी करून, परफ्युम मारून लांबून आलेला, गुडघ्याला बाशिंग बांधलेला एक पोरगा आहे. तो करमाळ्याकडचा आहे हे सांगावं लागत नाही, त्याच्या तोंडच्या क्रियापदांवरून कळतं. हिंदीत कथा उदयपूरला गेली. अमिताभ भट्टाचार्य हे कसलेले गीतकार, शब्द तालात चपखल बसवले आहेत. पण तो पोरगा हरवला. तिथे पार्टीत नाचणारा कुणीही चालला असता. आपल्याकडच्या वरातीत आजही मराठीच ‘झिंगाट’ लागतं, आणि ते केवळ भाषेच्या अभिमानापोटी नाही.

आता ‘अमरसिंह चमकीला’. २०२४च्या एप्रिलमध्ये तो थेट घरच्या पडद्यावर आला, त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणांचा राहून गेला असेल. माझ्या मते अलीकडच्या हिंदी चित्रपटांतलं ते सगळ्यात मोठं संगीत आहे. संगीत रहमानचं, शब्द इर्शाद कामिल यांचे. चमकीला हा पंजाबचा खरा गायक. दलित घरातला, होजिअरीच्या कारखान्यात काम केलेला. हातात तुंबी हे एकतारी वाद्य घेऊन गावोगावच्या आखाड्यांत, म्हणजे उघड्यावरच्या जलशांत गायचा, सोबत गायिका अमरजोत. ८ मार्च १९८८ रोजी दोघांना गोळ्या घालून मारलं. त्याची मूळ गाणी चित्रपटात आहेत आणि दिलजीत दोसांझ व परिणिती चोप्रा यांनी ती चित्रीकरणाच्या वेळी प्रत्यक्ष गायली आहेत. म्हणून त्यात दम लागतो, आवाज पुढे-मागे होतो, समोरच्या गर्दीला उत्तर दिल्यासारखी ओळ फेकली जाते. स्टुडिओतल्या बंद खोलीत हे येत नाही.

त्यात ‘नरम कालजा’ नावाचं बायकांचं गाणं आहे. अलका याज्ञिक, रिचा शर्मा आणि आणखी दोघी त्यात गातात. आपल्या इच्छेबद्दल बायका मोकळेपणाने, हसत गातात. आपल्याकडे हळद दळताना बायका नवऱ्याकडच्यांची कशी खबर घेतात ते ज्यांनी ऐकलंय, त्यांना हे गाणं परकं वाटणार नाही.

हे सगळं बघताना मला सारखे आठवत होते ते आपल्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६. कुलकर्ण्यांच्या घरातला हा माणूस जातीचा विचार न करता तमाशात गेला, पवळा या तमाशा कलावंतिणीबरोबर उभा राहिला आणि लावण्यांचा ढीग रचून गेला. चमकीलाची वाट एका टोकाकडून आली, बापूरावांची दुसऱ्या. दोघांच्याही वाट्याला शब्द एकच आला: अश्लील. आणि दोघांनाही ऐकायला माणसं मैलोन् मैल चालत आली. रहमानने आणि दिग्दर्शक इम्तियाज अलीने त्या गर्दीचा मान ठेवला, तिला हसले नाहीत. त्या संगीताचं मोठेपण मला यात दिसतं.

रहमानचंच दुसरं काम म्हणजे २०२५चा ‘छावा’. सातारा-सांगलीत लोकांनी हा चित्रपट डोळ्यांत पाणी आणून पाहिला. लेझमीच्या दृश्यावरून वाद झाला, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते काढलं. त्यात मी पडत नाही. माझी तक्रार संगीताची आहे. ‘आया रे तूफान’मध्ये वैशाली सामंत आहेत, स्वतः रहमान आहे, आवाज प्रचंड आहे. तरी डफ-तुणतुण्यावरचा पोवाडा, शाहिरामागे साथीदारांनी वर नेऊन सोडलेली ती ‘जी जी रं’ची झील, यांचा बाज मला त्यात सापडला नाही. आता ‘ॲनिमल’मधलं ‘अर्जन वैली’ ऐका. तो चित्रपट मला पटत नाही, हे आधीच सांगतो. पण भूपिंदर बब्बल यांनी त्यात जे गायलंय ते पंजाबातल्या ढाडींच्या वीरगायनाच्या अंगाने. तो ताठ, वरच्या पट्टीतला, शब्द फेकून मारणारा आवाज थेट तिथल्या जत्रेतून आल्यासारखा वाटतो. पंजाबचं वीरगायन हिंदी पडद्यावर एवढ्या दिमाखात येतं, आणि खुद्द संभाजी महाराजांच्या चित्रपटात आपला शाहीर दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आवाजाबद्दल बोलतोच आहे तर मिरजेकडे वळतो. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकर गल्लीत कारागीर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, लावतात तेव्हा घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवतात. धागा केसभर पुढे-मागे होतो आणि तार एकदम बोलायला लागते. आज बऱ्याच गाण्यांत सॉफ्टवेअरने सूर इतका सरळ केलेला असतो की आवाजातला तो धागाच काढून घेतल्यासारखा वाटतो. म्हणून मला ‘लापता लेडीज’मधलं ‘सजनी’ आवडतं. राम संपत यांची चाल, प्रशांत पांडे यांचे शब्द. रेल्वेच्या डब्यात घुंगटामुळे नवरी बदलली गेलेल्या दीपकचं ते दुःख. अरिजित सिंग त्यात आकांत करत नाही. दीपक साधा गावाकडचा मुलगा आहे, लाजरा, आणि गाणं तेवढंच लाजतं. वाद्यं मोजकी असल्यामुळे श्वास ऐकू येतो.

‘सैयारा’बद्दल तरुण मंडळी विचारणार, म्हणून सांगतो. शीर्षकगीत चांगलं आहे, फहीम अब्दुल्लाचा आवाज ओला आहे. पण त्या एका चित्रपटात मिथुन, सचेत-परंपरा, विशाल मिश्रा, तनिष्क बागची असे इतके हात लागले आहेत की सगळी गाणी सलग ऐकली तर नायक एकच आहे असं वाटत नाही. निर्मात्यांना इतके संगीतकार घेण्यात धोका कमी वाटत असेल. ऐकणाऱ्याचा मात्र तोटा होतो. जुन्या गाण्यांवर नवा ठेका चढवून विकण्याबद्दल मी बोलत नाही, त्यावर वेळ घालवावा असं त्यात काही नाही.

पठ्ठे बापूरावांवर हिंदीत कुणी चित्रपट काढावा असं मला फार वाटतं. काढलाच, तर संगीतकाराने आधी महिनाभर वाळव्यात येऊन राहावं. ढोलकी वाजवणारा इथलाच घ्यावा. बापूराव आणि पवळा जे कुणी करतील त्यांनी कॅमेऱ्यासमोर, माणसांच्या गर्दीत, स्वतः गावं. सूर थोडा हलला तर हलू द्यावा.