राघोबादादांचे वकील आणि एडमंड बर्क

श्रोतेहो, नमस्कार.

1781 साली राघोबादादांचे वकील हणमंतराव हे ब्राह्मण गृहस्थ एका पारशी पिता-पुत्रासह लंडनला पोहोचले. पेशवाईच्या वादात इंग्रजांची मदत मिळवावी हा हेतू. पण परक्या शहरात त्यांचे हाल झाले. तेव्हा ज्याने त्यांना बीकन्सफील्डजवळच्या आपल्या घरी नेले, आणि सोवळ्याओवळ्याला बाध येऊ नये म्हणून स्वयंपाकासाठी बागेतले काचेचे हरितगृह मोकळे करून दिले, तो यजमान म्हणजे एडमंड बर्क.

डब्लिनच्या एका वकिलाचा हा मुलगा. वडील प्रोटेस्टंट, आई कॅथलिक. लंडनला कायदा शिकायला आलेले बर्क लेखनाकडे वळले, 1765 मध्ये पंतप्रधान रॉकिंगहॅम यांचे चिटणीस झाले आणि त्याच वर्षाअखेरीस हाऊस ऑफ कॉमन्समध्ये निवडून आले. पुढे जवळजवळ एकोणतीस वर्षे ते तिथे होते, पण मंत्रिमंडळात त्यांना कधीच स्थान मिळाले नाही. 1782 आणि 1783 मध्ये थोडे थोडे महिने लष्कराचे पगारखाते सांभाळले, एवढाच त्यांचा अधिकार.

1774 मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना त्यांनी तोंडावर सांगितले की, प्रतिनिधीने तुमच्यासाठी राबावे हे खरेच, पण आपली विवेकबुद्धी तुमच्या मर्जीपुढे गहाण टाकली तर ती सेवा नव्हे, दगा होय. आयर्लंडच्या व्यापाराला आणि कॅथलिकांना सवलती मिळाव्यात म्हणून ते बोलत राहिले, व्यापारी नाराज झाले, आणि 1780 मध्ये निवडून येण्याची चिन्हे नाहीत हे पाहून त्यांनी ब्रिस्टलमधून माघार घेतली. अमेरिकेतल्या वसाहतींशी समेट करा, हे त्यांचे 1775 चे आर्जवही असेच वाया गेले होते.

हिंदुस्थानच्या बाबतीत मात्र बर्क आरंभापासून ईस्ट इंडिया कंपनीचे टीकाकार होते असे समजू नये. 1773 मध्ये कंपनीवर सरकारी अंकुश आणणाऱ्या कायद्याला, सनदेचे हक्क मोडतात म्हणून, त्यांनी विरोध केला होता. शिवाय त्यांच्या घरच्या माणसांनी कंपनीच्या समभागांच्या सट्ट्यात हात पोळून घेतले होते. पण 1781 पासून संसदीय समितीत बंगालचे दप्तर चाळताना त्यांचे मत पालटले. कंपनीचा बंगालमधला गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जने बनारसच्या चेतसिंगाकडून आणि अवधच्या बेगमांकडून पैसा कसा उकळला, याचा त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला.

फेब्रुवारी 1788 मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये हेस्टिंग्जवरचा महाभियोग सुरू झाला. बर्क यांचे प्रास्ताविकच चार दिवस चालले. पण खटला सात वर्षे रेंगाळला, लोकांचे कुतूहल ओसरले, आणि मधल्या काळात फ्रेंच राज्यक्रांतीवरून फॉक्स या जिवलग सहकाऱ्याशी बर्क यांचे भर सभागृहात बिनसले. त्यांची भाषा अनेकदा तोल सोडून जाई, हेही कबूल केले पाहिजे. आरोप सिद्ध करण्यापेक्षा संताप पेटवण्याकडे त्यांचा कल होता. एप्रिल 1795 मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटले.

तोवर बर्क संसदेतून निवृत्त झाले होते, आणि एकुलता मुलगा रिचर्ड गेला होता. पुढे त्याच वर्षी त्यांना मिळालेल्या निवृत्तिवेतनावर एका धनाढ्य उमरावाने टीका केली. 1796 मध्ये त्याला उत्तर देताना त्यांनी लिहिले की, मला बक्षीस मागायचेच असते, तर चौदा वर्षे अखंड खपून ज्यात सर्वांत कमी यश आले त्या हिंदुस्थानच्या कामासाठी मागितले असते. कारण मला सर्वांत अधिक अभिमान त्याच कामाचा आहे.