पाठ टेकवायला शिकताना

नमस्कार श्रोतेहो.

१९९६ सालचं अटलांटा ऑलिंपिक. फ्रीस्टाइल कुस्ती, १०० किलोचा गट, अंतिम लढत. एका बाजूला अमेरिकेचा कर्ट अँगल, समोर इराणचा अब्बास जदीदी. पाच मिनिटांची कुस्ती संपली, तीन मिनिटांचा जादा वेळही संपला, तरी फलकावर गुण एक-एकच. निकाल पंचांवर सोपवला गेला. पंचांनी अँगलचा हात वर केला. जदीदीला तो निर्णय अजिबात मान्य नव्हता. अँगल मात्र ढसाढसा रडत होता.

हाच माणूस तीन वर्षांनी डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीच्या संस्थेच्या रिंगमध्ये उतरला. तिथे कोण जिंकणार हे घंटा वाजायच्या आधीच ठरलेलं असतं. ऑलिंपिकचा मल्ल असल्या कुस्तीत गेला की कुस्तीप्रेमी हळहळतात, 'वाया गेला' म्हणतात. मला ही हळहळ पटत नाही, आणि ती का पटत नाही तेच आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

आधी त्याची पहिली कुस्ती पाहू. अँगलचा जन्म १९६८चा, पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्ग परिसरातला. किशोरवयातच वडील गेले, बांधकामावरच्या अपघातात. शिक्षण क्लेरियन विद्यापीठात झालं. तिथून खेळताना १९९० आणि १९९२ साली तो अमेरिकन विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वात वरच्या वजनगटाचा विजेता ठरला. त्या गटात तो बारीकच म्हणायचा. १९९२च्या अंतिम फेरीत समोर होता सिल्व्हेस्टर टेर्के, वजनाने त्याच्यापेक्षा कितीतरी जड. अशा माणसाच्या अंगाखाली सापडलं की संपलंच. म्हणून सतत हलत राहायचं, त्याला पकड बसवू द्यायची नाही, पायात शिरायचं आणि लगेच बाहेर पडायचं. अँगलची ही चपळाई पुढे त्याच्या फार कामाला आली.

१९९५ साली तो जगज्जेता झाला. पुढचं वर्ष मात्र वाईट बातमीने उजाडलं. जानेवारी १९९६मध्ये डेव्ह शुल्ट्झ या ऑलिंपिक विजेत्या मल्लाचा गोळ्या घालून खून झाला. मारणारा होता जॉन ड्यू पाँट, मल्लांचा धनाढ्य आश्रयदाता. त्याच्याच फॉक्सकॅचर या केंद्रात अँगलही सराव करत होता. या धक्क्यातून सावरतोय तोच ऑलिंपिकच्या निवडीसाठी खेळताना मान दुखावली. मणक्यांना इजा झाली. वेदना दाबणारी इंजेक्शनं घेऊन तो लढत राहिला आणि त्याच मानेनिशी अटलांटाच्या मॅटवर उतरला. या मानेबद्दल पुढे पुन्हा बोलावं लागणार आहे.

सुवर्णपदकानंतर पुढे काय? हौशी कुस्तीत पोटाची सोय होत नाही, ही साधी आणि कडू गोष्ट. डब्ल्यूडब्ल्यूएफने त्याला लगेच विचारलं होतं. त्याने नाही म्हटलं. खरी कुस्ती खेळलेल्या माणसाला ठरवून पडणं कमीपणाचं वाटत होतं. त्याच वर्षी तो ईसीडब्ल्यू नावाच्या दुसऱ्या संस्थेच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून गेला. तिथे कथानकाच्या ओघात एका मल्लाला क्रूसावर चढवल्याचं दाखवलं. अँगल संतापून निघून गेला. मग पिट्सबर्गमध्ये दूरचित्रवाणीवर क्रीडाबातम्या सांगायची नोकरी करून पाहिली, पण तिथे काही जीव रमला नाही. शेवटी १९९८ साली, एकदा नाकारलेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफशी त्याने करार केला.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

कुस्तीगिराच्या अंगात लहानपणापासून एकच गोष्ट मुरवलेली असते: पाठ टेकवायची नाही. पडताना हवेतच वळायचं, पोटावर यायचं, पुलासारखी मान ताठ करायची, काहीही करायचं, पण खांदे जमिनीला लागू द्यायचे नाहीत. व्यावसायिक कुस्तीच्या शाळेत पहिल्या दिवसापासून नेमकं उलटं शिकवतात. पाठीवर पड. सपाट पड. हनुवटी छातीला चिकटव, म्हणजे डोकं आपटणार नाही. श्वास सोड. दोन्ही हात पसरून जमिनीवर मार, म्हणजे आघात एका जागी न बसता अंगभर वाटला जाईल. हे शेकडो वेळा करायचं. रिंगची जमीन म्हणजे फळ्या, त्यावर पातळ गादी आणि कापड. तिच्याखाली लोखंडी सांगाडा. ती मऊ असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी पडताना येणारा आवाज एकदा नीट ऐकावा. दोरांवर धावत जाऊन आदळायचं तर बगलेखाली काळेनिळे वळ उठतात.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. मॅटवर पकड घट्ट हवी, समोरच्याला पुढचा डाव कळता कामा नये. रिंगमध्ये पकड शेवटच्या रांगेतल्या माणसाला घट्ट दिसायला हवी, आणि ज्याला धरलंय त्याला श्वास घेता आला पाहिजे. पुढचा डाव कोणता, हे त्याच्या कानात आधी सांगायचं. तो उडी मारणार असेल तर आपण नेमक्या जागी उभं राहायचं, कारण त्याची मान आता आपल्या हातात आहे. वीस वर्षं फक्त स्वतःच्या विजयासाठी घडवलेलं शरीर आता दुसऱ्याला सुखरूप खाली उतरवण्यासाठी वापरायचं असतं. हे काम खोटं कसं म्हणायचं? निकाल ठरलेला असतो, पडणं खरंच असतं.

अँगलला शिकवणाऱ्यांत डोरी फंक ज्युनियर हे जुने व्यावसायिक मल्ल होते. याच फंक यांनी १९७०च्या दशकात टेक्सासमधल्या अमरिलोमध्ये जंबो त्सुरुताला घडवलं होतं. हा जपानी मल्ल १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन कुस्ती खेळून व्यावसायिक कुस्तीकडे आला होता. म्हणजे ऑलिंपिकचा पैलवान हाती घेऊन त्याला पडायला शिकवणं फंक यांना नवं नव्हतं. आणि ही वाट त्याहूनही जुनी आहे. कार्ल गॉच १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बेल्जियमकडून खेळला होता. मागून कमरेला विळखा घालायचा आणि स्वतःच्या पाठीची कमान करून समोरच्याला डोक्यावरून मागे टाकायचं, हा डाव त्याने व्यावसायिक रिंगमध्ये रुजवला. त्यालाच जर्मन सुप्लेक्स म्हणतात. अँगल हाच डाव मिठी न सोडता लागोपाठ तीन वेळा मारायचा. ते बघताना खरी कुस्ती कुठे संपली आणि रंगमंच कुठे सुरू झाला, हे सांगता येत नाही.

नोव्हेंबर १९९९मध्ये डेट्रॉइटच्या मोठ्या कार्यक्रमात त्याचा पहिला सामना दूरचित्रवाणीवर झाला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. इथे संस्थेने आणि त्याने जे केलं त्याला दाद द्यावी लागेल. देशासाठी पदक आणलेल्या माणसाला नायक करायचा मोह कुणालाही झाला असता. त्यांनी त्याला खलनायक केलं. पदकं गळ्यात घालून येणारा, तीव्रता, सचोटी आणि बुद्धिमत्ता या तीन गुणांवर लोकांना प्रवचन देणारा, मला लोक का चिडवतात हेच न कळणारा सज्जन. सगळा विनोद त्याने चेहऱ्यावरची रेघही न हलवता केला. ज्या पदकासाठी मान पणाला लावली, त्याच पदकावरून रोज रात्री लोकांकडून चेष्टा करून घ्यायची! याला मोठं मन लागतं. पहिल्या सामन्याला वर्ष व्हायच्या आत, ऑक्टोबर २०००मध्ये, 'द रॉक'ला हरवून तो विजेतेपदाच्या पट्ट्यापर्यंत पोचला. निकाल ठरवून दिलेला असला तरी असा पट्टा नवशिक्याच्या कमरेला कुणी सहज बांधत नाही. ज्याच्यावर अख्खा कार्यक्रम उभा राहू शकतो, त्यालाच तो मिळतो.

आता मानेकडे येऊ. ३० मार्च २००३, सिअ‍ॅटल. समोर ब्रॉक लेस्नर, तोही २००० सालचा विद्यापीठ विजेता, मिनेसोटाचा. अँगलची मान तेव्हा इतकी बिघडली होती की शस्त्रक्रिया टाळता येणार नव्हती, तरी तो उतरला. शेवटाकडे लेस्नरने वरच्या दोरावरून हवेत उलटी कोलांटी घेतली. अंतर चुकलं आणि तो डोक्यावर आदळला. भोवंडलेल्या त्या अवस्थेत तो उठला, अँगलने त्याला साथ दिली, आणि ठरल्याप्रमाणे लेस्नर जिंकला. ज्या खेळाला लोक लटका म्हणतात त्यात त्या रात्री दोन माना थोडक्यात वाचल्या.

याची किंमत अँगलने पुरेपूर मोजली. मानेच्या शस्त्रक्रिया झाल्या, वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन लागलं. २००६मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफचंच नवं नाव, सुटली आणि तो टीएनए या संस्थेत गेला. २०१३ साली व्यसनमुक्तीसाठी उपचार घेतले. हे सगळं त्याने पुढे स्वतः उघडपणे सांगितलं आहे. मला या धंद्याबद्दल खरा राग आहे तो इथे: जखमी माणसाला घरी बसवायचं सोडून त्याला पुन्हा रिंगमध्ये उभं करतात. आणि तेवढ्याच प्रामाणिकपणे सांगायला हवं की दुखरी मान इंजेक्शनने दाबायची सवय त्याला ऑलिंपिकनेच लावली होती.

सगळ्यांना हे स्थलांतर जमतं असंही नाही. अमेरिकेचा गेबल स्टीव्हसन टोकियो ऑलिंपिकमध्ये १२५ किलो गटात सुवर्णपदक जिंकला, तेही शेवटच्या क्षणी डाव मारून. डब्ल्यूडब्ल्यूईने त्याला घेतलं. २०२३ साली त्याचा एकट्याचा पहिला सामना झाला तेव्हा लोकांनी त्याच्याविरुद्धच आरडाओरडा केला, आणि २०२४मध्ये त्याला सोडून देण्यात आलं. तो पुन्हा विद्यापीठाच्या मॅटवर परतला आणि २०२५च्या अंतिम फेरीत वायट हेंड्रिक्सनकडून ४-५ असा हरला. अंगातली ताकद आणि चपळाई अँगलपेक्षा रतिभरही कमी नसेल. समोरच्या हजारो माणसांशी डोळ्यांनी बोलणं मात्र कुठल्याही मॅटवर शिकवत नाहीत.

अँगलचा शेवटचा सामना ७ एप्रिल २०१९ला झाला, पन्नाशी ओलांडल्यावर. बॅरन कॉर्बिनकडून तो हरला. कॉर्बिनसारखा प्रतिस्पर्धी त्याला शोभत नव्हता म्हणून पुष्कळ चाहते नाराज झाले. पण निवृत्त होणाऱ्याने मागे राहणाऱ्याला जिंकवून जायचं, ही या धंद्यातली जुनी रीत आहे आणि अँगलने ती पाळली.

श्रोतेहो, संधी मिळाली तर २००३चा तो लेस्नरबरोबरचा सामना जरूर बघा. सुरुवातीची काही मिनिटं तर अगदी लक्ष देऊन. दोन विद्यापीठ विजेते तिथे हात-मनगट पकडत, एकमेकांच्या पाठीमागे जात जुनी ओळखीची कुस्ती खेळतात. अँगल कुठे पाय टाकतो तेवढंच बघत राहा.

नमस्कार.